कोर्टाच्या दप्तरांतील घरचे कागद

वाटणी झाली, भांडण मिटलें, एका वाड्यांत दोन चुली पेटल्या; पण ज्या कागदानें हें सारें घडलें तो कागद कोणाच्या पेटींत आहे, हें घरांतील कोणासहि सांगतां येत नाहीं, अशी स्थिति आमच्या वऱ्हाडांतील पुष्कळ जुन्या घरांची आहे. कागद वडिलांच्या हयातींत देव्हाऱ्यामागच्या फडताळांत होता. पुढें तो पत्र्याच्या पेटींत गेला. पुढें पेटीच कोठें गेली तें कळलें नाहीं. आठवण मात्र मागें राहिली, आणि आठवण ही ज्याची त्याची निराळी असते. आमच्याच घरीं असें झालें. त्या निमित्तानें यवतमाळ जिल्ह्यांतील न्यायालयांच्या दप्तरांशीं आमचा जो परिचय घडला, तो वाचकांच्या उपयोगीं पडावा म्हणून येथें मांडीत आहों. आम्ही वकील नव्हों. सारा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत गेला. पण ज्या गोष्टी कळण्यास आम्हांस दीड वर्ष लागलें, त्या वाचकास अर्ध्या तासांत कळाव्या, एवढाच आमचा हेतु आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. आमचे आजोबा व त्यांचे धाकटे बंधु यांची वाटणी कोर्टामार्फत झाली होती. गांवच्या वाड्याचे दोन भाग झाले. पुढचा आमच्याकडे आला, मागचा चुलत घराकडे गेला. दोहोंच्या मध्यें विहीर, आणि विहिरीपासून आमच्या भिंतीच्या कडेनें रस्त्यापर्यंत जाणारी एक बोळ. विहीर व बोळ आमच्या, असें आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. चुलत घरच्या काकू मात्र "विहीर सामाईक आहे" असें म्हणत. त्या आज पंचाऐंशी वर्षांच्या आहेत. त्या तसें म्हणत आणि आम्ही हंसून सोडून देत असूं. पाणी भरण्यास कोणी कधीं हरकत घेतली नव्हती, म्हणून वादाला तोंड फुटलें नव्हतें. पुढें आमच्या पुतण्यानें पुढचा भाग विकण्याचें काढलें. गिऱ्हाइकाच्या वकिलानें विचारलें, "वाटणीचा हुकूमनामा कोठें आहे?" त्या दिवशीं प्रथमच आमच्या ध्यानांत आलें कीं, बोळ खरोखर आमची असेल तर विक्रीनंतर काकूंना रस्त्यावर यावयास वाट उरत नाहीं, आणि ती सामाईक असेल, तर जें आपलें नाहीं तें विकल्याचा दोष आपल्या माथीं येतो.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत लिखित, भुक्ति आणि साक्षी अशीं प्रमाणें सांगितलीं आहेत. लिखित म्हणजे लेख, भुक्ति म्हणजे वहिवाट, आणि साक्षी तर सर्वांस ठाऊकच आहेत. आमचे साक्षीदार कालवश झालेले, वहिवाट दोघांचीहि, राहिला तो लेख. वाद जिंकणाऱ्या पक्षास जो लेख द्यावयाचा त्यास आपल्या धर्मशास्त्रकारांनीं 'जयपत्र' असें नांव दिलें आहे. आजच्या कोर्टाचा हुकूमनामा, ज्यास आपण डिक्री म्हणतों, तो या जयपत्राचाच वंशज म्हणावयास हरकत नाहीं. मात्र हुकूमनाम्याची मूळ प्रत कोर्टाच्या दप्तरांत राहते; पक्षकाराच्या हातीं येते ती नक्कल. घरची नक्कल हरवली म्हणून मूळ हरवलें असें होत नाहीं, ही पहिली गोष्ट वाचकांनीं मनांत धरावी.

आतां शोध कोठून आरंभावा? प्रथम कोर्ट कोणतें हें ठरवावें, आणि येथेंच आमची पहिली चूक झाली. आमचें गांव आज दिग्रस तालुक्यांत आहे, म्हणून आम्ही दिग्रसचा रस्ता धरला. पण यवतमाळ जिल्ह्यांत आज सोळा तालुके असले, तरी इंग्रजी अमदानींत ते पांचच होते: यवतमाळ, दारव्हा, केळापूर, वणी आणि पुसद. दिग्रस व नेर हीं त्या काळीं दारव्हा तालुक्यांतील गांवें. उमरखेड हें पुसद तालुक्यांतील. तेव्हां आजोबांच्या काळचा दावा शोधावयाचा तर गांव आज कोणत्या तालुक्यांत आहे हें न विचारतां, दावा लागला तेव्हां तें कोणत्या तालुक्यांत होतें, हें विचारलें पाहिजे. केळापूर तालुक्याचें मुख्य ठिकाण पांढरकवडा हें असल्यामुळें एकाच जागेचीं दोन नांवें कागदांत भेटतात, हेंहि लक्षांत असावें. शिवाय दाव्याची रक्कम मोठी असल्यास तो तालुक्याच्या कोर्टांत न लागतां जिल्ह्याच्या ठिकाणीं वरच्या कोर्टांत लागलेला असूं शकतो. म्हणून तालुका आणि यवतमाळ अशा दोन्ही ठिकाणीं चौकशी करावी.

जिल्ह्याचा थोडा इतिहासहि येथें उपयोगीं पडतो. १८५३ सालच्या तहानें निजामानें वऱ्हाड इंग्रजांच्या हवालीं केलें. आमचा जिल्हा त्या काळीं वणीच्या नांवावरून 'वून' म्हणून ओळखला जाई. १९०५ सालीं त्यास यवतमाळ हें नांव मिळालें, आणि त्याच वेळीं वाशीम जिल्हा मोडून त्यांतील पुसद तालुका आमच्याकडे आला. म्हणून पुसदकडील त्यापूर्वीचे कागद वाशीमच्या नांवावर असणें स्वाभाविक आहे. १९०३ सालीं वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराखालीं गेलें. १९३६ च्या जानेवारींत नागपुरास हायकोर्ट झालें, त्यापूर्वी तेथें ज्युडिशियल कमिशनरचें कोर्ट होतें. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरास विदर्भ मुंबई राज्यांत आला आणि तेव्हांपासून आमचीं अपिलें मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाकडे जातात. जुन्या कागदाच्या मथळ्यावर 'ज्युडिशियल कमिशनर' किंवा 'नागपूर हायकोर्ट' असें वाचून हा कागद भलत्याच राज्याचा आहे अशी समजूत करून घेऊं नये. राज्य बदललें, प्रकरण तेंच आहे. पैनगंगेपलीकडे नांदेड अथवा आदिलाबादकडे ज्यांचीं शेतें होतीं, त्यांचे १९४८ पूर्वीचे कोर्टाचे कागद मात्र निजामी राज्यांतील, आणि तेथें कोर्टाची भाषा उर्दू होती. त्यासाठीं उर्दू जाणणारा मनुष्य बरोबर घ्यावा.

कोर्ट ठरल्यावर साल. घरोघरीं सालाची आठवण मुंजी, लग्नें आणि दुष्काळ यांवरून ठेवलेली असते. आमच्या आजीच्या जुन्या वहींत वाटणीची नोंद 'शके १८६०' अशी सांपडली. शकांत ७८ मिळवावे म्हणजे चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा इसवी सन येतो; जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९ मिळवावे. निजामी मुलखांतील कागदांवर फसली सन असतो, त्यांत साधारणतः ५९० मिळवावे. या हिशेबानें आम्ही १९३८ आणि १९३९ हीं दोन वर्षें धरलीं, अर्ज केला, आणि दावा सांपडला नाहीं. ही आमची दुसरी चूक. दिवाणी कायद्यानें प्रत्येक कोर्टांत दाव्यांचें एक नोंदणीपुस्तक ठेवलें जातें व त्यांत दाखल होण्याच्या क्रमानें दर वर्षीं नवे क्रमांक पडतात. म्हणजे दाव्याचें साल हें दावा दाखल झाला त्याचें साल; घराला आठवतें तें निकालाचें, किंवा भिंत घातली त्याचें. या दोहोंत तीन वर्षांचें अंतर असूं शकतें, दहाचेंहि असूं शकतें. आम्ही मागें जात जात १९३५ च्या पुस्तकापर्यंत गेलों तेव्हां आजोबांचें नांव दिसलें.

आणि तें नांवहि चटकन् ओळखूं आलें नाहीं, ही तिसरी गोष्ट. आज आपण नांव, वडिलांचें नांव व आडनांव असें लिहितों. त्या काळीं वऱ्हाडांतील कागदांत 'अमुक वल्द अमुक' अशी रीति होती. आडनांव पुष्कळदां गळलेलें असे, किंवा तें शेवटीं वतनाच्या नांवानें येई. स्त्रियांच्या नांवापुढें 'जौजे' म्हणजे अमक्याची पत्नी, 'बेवा' म्हणजे अमक्याची विधवा, असें लिहीत. लहान मुलाच्या नांवानें दावा असेल तर 'अज्ञान पालनकर्ती आई' असें लिहून आईचें नांव देत. दत्तक गेलेल्या मनुष्याचें नांव दत्तक घरचें असणार. शिवाय एकत्र कुटुंबाचे दावे बहुधा कर्त्याच्या नांवानें चालत, त्यामुळें ज्या आजोबांचें नांव आपण शोधतों तें पहिल्या ओळींत नसून त्यांच्या थोरल्या बंधूंचें असतें. सबब शोधाला निघण्यापूर्वी घरांतील वडील माणसांस बसवून कागदावर वंशावळ काढावी, प्रत्येकाचें जन्मनांव, व्यवहारांतील नांव, दत्तक झालें असल्यास तें, आणि बायकांचें माहेरचें नांवहि लिहावें. आमच्या अनुभवांत या एका कागदानें जेवढें काम केलें तेवढें दुसऱ्या कशानेंहि केलें नाहीं.

हल्लींच्या प्रकरणांसाठीं मात्र एवढी यातायात पडत नाहीं. जिल्हा व तालुका न्यायालयांचीं अलीकडचीं प्रकरणें संगणकावर चढविलीं असून 'ई-कोर्ट्स' या सरकारी सोयींत पक्षकाराच्या नांवानें, दाव्याच्या क्रमांकानें, वकिलाच्या नांवानें किंवा पोलिसांकडील गुन्ह्याच्या क्रमांकानें तीं शोधतां येतात. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांकांचा एक स्वतंत्र क्रमांक असतो, त्यास सी.एन.आर. म्हणतात, त्यांतील पहिलीं चार अक्षरें राज्य व जिल्हा दाखवितात, पुढचीं दोन स्थानें कोर्ट दाखवितात, मग सहा आंकड्यांचा अनुक्रम आणि शेवटीं साल. घरांतील तरुण मंडळींच्या भ्रमणध्वनीवर हें क्षणांत दिसतें. परंतु दोन गोष्टी विसरूं नयेत. संगणकावर दिसलेला निकाल वाचण्यापुरता आहे. कोर्टांत अथवा कचेरींत द्यावयाची ती सहीशिक्क्याची नक्कलच. आणि संगणकाच्या पूर्वीचें जें जग आहे तें अजून नोंदणीपुस्तकांत व लाल फडक्यांत बांधलेल्या गठ्ठ्यांतच आहे. तेथें नांव दिसलें नाहीं म्हणजे प्रकरण नव्हतेंच, असें समजणाराची फसगत होते.

आतां अर्जाकडे वळूं. प्रत्येक न्यायालयांत नक्कल विभाग असतो आणि निकाली कागदांचा अभिलेख कक्ष असतो. क्रमांक ठाऊक असेल तर सरळ नकलेचा अर्ज करावा. ठाऊक नसेल तर प्रथम शोधाचा अर्ज करावा, प्रकरण सांपडल्यावर तें पाहण्याची परवानगी मागावी, आणि पाहून मगच कोणत्या कागदांच्या नकला हव्या तें ठरवावें. अर्जावर कोर्ट-फी लागते, नकलेचें शुल्क पानांच्या हिशेबानें लागतें, व तातडीची नक्कल हवी असल्यास अधिक पडतें. हे दर वेळोवेळीं बदलतात म्हणून खिडकीवरच विचारावे. अर्जाची भाषा साधी असावी. आम्हीं लिहिला तो साधारण असा होता:

"मा. दिवाणी न्यायाधीश यांचे न्यायालयांत. अर्जदार, राहणार अमुक, नम्र विनंति करतो कीं, या न्यायालयांत सन अमुक ते सन अमुक या काळांत दाखल झालेल्या वाटणीच्या दाव्यांत अर्जदाराचे आजोबा अमुक वल्द अमुक हे वादी अथवा प्रतिवादी होते. मौजे अमुक येथील घर व शेत हा दाव्याचा विषय होता. अर्जदार हा त्यांचा वारस असून मृत्यूचा दाखला व वंशावळीचें प्रतिज्ञापत्र सोबत जोडलें आहे. सदर दाव्याचा शोध घेऊन निकालपत्र, अंतिम हुकूमनामा, त्यासोबतची मिळकतीची यादी व नकाशा यांच्या प्रमाणित नकला मिळाव्या. कारण, मिळकतीच्या हद्दी व सामाईक हक्क निश्चित करावयाचे आहेत."

यांतील 'अंतिम हुकूमनामा, यादी व नकाशा' हे शब्द आम्हांस दुसऱ्या खेपेस सुचले, पहिल्या नव्हे. प्रथम आम्हीं नुसता निकाल मागितला. तो इंग्रजींत बारा पानांचा आला, आणि त्यांत दोघां भावांचा निमे-निमे हिस्सा आहे एवढेंच ठरलें होतें. विहिरीचा शब्दहि नव्हता. वाटणीच्या दाव्यांत बहुधा दोन हुकूमनामे होतात. पहिल्यांत कोणाचा हिस्सा किती तें ठरतें, त्यास प्राथमिक म्हणतात. मग कोर्ट कमिशनर नेमतें, तो जागेवर जाऊन मोजणी करतो, नकाशा काढतो, आणि त्यावरून जो होतो तो अंतिम हुकूमनामा. भिंत कोठें, दार कोणाचें, पाणी कोणाचें, हें सारें दुसऱ्यांत असतें. सरकारसारा भरणाऱ्या शेतजमिनीची प्रत्यक्ष वाटणी तर दिवाणी कायद्याच्या ५४ व्या कलमाप्रमाणें कलेक्टरकडून होते. म्हणून शेताच्या वाटणीचे पुढचे कागद कोर्टांत न सांपडतां महसुली दप्तरांत सांपडतात. नकलेचा अर्ज करण्यापूर्वी आपणांस नेमकें काय सिद्ध करावयाचें आहे हें स्वतःस विचारावें. त्यावरून कागद कोणता मागावयाचा तें आपोआप कळतें.

नक्कल कोणास मिळते? जो दाव्यांत पक्षकार होता त्यास, व त्याच्या मागें त्याच्या वारसांस, ती मिळण्यास सहसा अडचण नसते. परक्या मनुष्यानें मागितल्यास त्यानें प्रतिज्ञापत्रासह कारण सांगावें लागतें व कोर्टाची परवानगी घ्यावी लागते; आणि दुसऱ्यानें पुराव्यांत हजर केलेले खासगी दस्तऐवज परक्याच्या हातीं सहज पडत नाहींत, तें योग्यच आहे. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, तेव्हां त्याखालीं अर्ज टाकला म्हणजे झालें, असें पुष्कळांस वाटतें. परंतु सर्वोच्च न्यायालयानें गुजरात हायकोर्टाच्या प्रकरणांत ४ मार्च २०२० रोजीं असा निर्णय दिला कीं, कोर्टाच्या नियमांत नकला मिळण्याची सोय असतां न्यायिक कागदांसाठीं त्याच वाटेनें गेलें पाहिजे. म्हणून ती आडवाट धरण्यांत वेळ दवडूं नये. पति-पत्नींमधील तंट्यांचें काम हिंदु विवाह कायद्यानें बंद दरवाजाआड चालतें, व त्याचे कागद कुतूहलापोटीं मागूं नयेत.

मिळालेली नक्कल नीट पाहून घ्यावी. तिच्यावर शिक्का, सही, तारीख आणि ती खरी नक्कल असल्याचा दाखला पाहिजे. १ जुलै २०२४ पासून १८७२ च्या जुन्या पुराव्याच्या कायद्याऐवजीं भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ अमलांत आला आहे. त्याच्या ७५ व्या कलमांत सार्वजनिक दस्तऐवजांच्या प्रमाणित नकलांची तरतूद आहे. यंत्रावर काढलेली साधी छायाप्रति तिची जागा घेऊं शकत नाहीं. नकलेवर अर्जाची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख व दिल्याची तारीख लिहिलेली असते. ज्यांस नव्या निकालावर अपील करावयाचें आहे त्यांस या तारखा मोलाच्या आहेत, कारण मुदतीच्या कायद्याप्रमाणें नक्कल मिळण्यास लागलेला आवश्यक काळ अपिलाच्या मुदतींतून वगळतात.

आणखी एक गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते. दाव्यांत हजर केलेले मूळ दस्तऐवज, जुनें खरेदीखत, दत्तकपत्र, पावती, हे निकाल लागून अपिलाची मुदत संपल्यावर, किंवा अपील झालें असल्यास त्याचा निकाल लागल्यावर, हजर करणारास अर्ज करून परत मिळतात. आपल्यापैकीं कित्येकांच्या वडिलांनीं ते परत घेतलेच नाहींत. 'कागद वकिलाकडे राहिले' असें जें घरोघरीं म्हणतात, त्यांतील कांहीं कागद वकिलाकडे नसून कोर्टाच्या गठ्ठ्यांत असतात. चालू प्रकरणें निकालीं निघतांच ते मागून घेण्याची संवय ठेवावी.

कारण दप्तर अमर नसतें. १९१७ सालचा कागदपत्रें नष्ट करण्यासंबंधींचा एक कायदा आहे. त्याखालीं हायकोर्ट नियम करतें, व त्या नियमांप्रमाणें निकाली प्रकरणांतील कागदांचे वर्ग पाडतात. किरकोळ अर्ज, समन्स वगैरे थोड्या वर्षांनीं जातात. साक्षीपुरावा त्याहून अधिक काळ राहतो. निकाल व हुकूमनामा यांस सर्वांत अधिक जपतात. फौजदारी प्रकरणांचे कागद बहुधा दिवाणी कागदांइतके टिकत नाहींत. लोकनायक बापूजी अणे यांनीं १९३० च्या जुलैंत पुसदेस जंगलचा कायदा मोडला व शिक्षा भोगली. यवतमाळास ज्यांनीं स्वतः वकिली केली, ते त्या दिवशीं आरोपी म्हणून उभे राहिले. त्या सत्याग्रहांत आपले आजोबा होते असें सांगणारीं घरें आमच्या जिल्ह्यांत आहेत. त्यांनीं एकट्या कोर्टावर विसंबूं नये. तुरुंगाच्या नोंदी आणि राज्याच्या पुराभिलेख खात्याची नागपूर येथील शाखा, हींहि पाहावीं.

प्रकरण नष्ट झालें असें उत्तर मिळालें तरी निराश होण्याचें कारण नाहीं. नोंदणीपुस्तकांतील नोंदीची नक्कल मागावी. तींत पक्षकार, विषय व निकालाचा सारांश असतो. अपील झालें असेल तर वरच्या कोर्टांत पाहावें. कोर्टाच्या लिलावांत मिळकत विकली गेली असेल तर विक्रीच्या दाखल्याची प्रति कोर्टाकडून दुय्यम निबंधकाकडे जाते व तेथें पुस्तकांत लावली जाते. तिकडे ती सांपडेल. तलाठ्याकडील जुन्या फेरफारांत पुष्कळदां 'कोर्टाच्या हुकुमावरून' असें लिहून दाव्याचा क्रमांक दिलेला असतो, आणि क्रमांक हाच तर अर्धा शोध. आमच्या विदर्भांत १९५४-५५ सालचे अधिकार अभिलेख यासाठीं फार उपयोगी आहेत. हायकोर्टापर्यंत गेलेलें प्रकरण महत्त्वाचें असल्यास तें नागपूरच्या छापील निकालसंग्रहांत सांपडण्याचा संभव असतो. ते ग्रंथ वकील मंडळींच्या ग्रंथालयांत असतात. आणि शेवटीं, प्रतिपक्षाचें घर. ज्याच्याशीं आजोबा भांडले त्याच्या नातवाच्या पेटींत तीच नक्कल जपून ठेवलेली असूं शकते. तेथें जाण्यास लाज वाटते खरी. पण कोर्टाच्या दहा खेपांहून एक कप चहा पुष्कळदां अधिक काम करतो.

कागद हातीं आला तरी वाचतां आला पाहिजे. निकाल इंग्रजींत, दस्तऐवज मोडींत, आणि शब्द फारसी वळणाचे, असा त्रिवेणीसंगम जुन्या गठ्ठ्यांत भेटतो. मोडी वाचणारे आतां थोडे राहिले आहेत. ज्या घरांत एखादे आजोबा मोडी जाणतात त्यांनीं नातवंडांस ती शिकवावी, असें आम्ही शाळामास्तराच्या हक्कानें सुचवितों. शोध व अर्ज यांसाठीं वकील नेमण्याचें सामर्थ्य नसेल त्यांनीं जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाकडे जावें. १९८७ च्या कायद्यानें स्त्रियांस, त्यांचें उत्पन्न कितीहि असो, तेथें विनामूल्य कायदेशीर साह्य मिळण्याचा हक्क आहे. वाटणींत आपला हिस्सा काय ठरला होता हें ज्यांस कधीं कोणी सांगितलें नाहीं, अशा विधवा आणि माहेरवाशिणी आपल्या घरांत पुष्कळ आहेत. त्यांस ही गोष्ट मुद्दाम वाचून दाखवावी.

आतां आमच्या घरची राहिलेली हकीकत. अंतिम हुकूमनामा, यादी व नकाशा यांची नक्कल आली, तेव्हां टेबलावर पसरून आम्ही व पुतण्या ती वाचूं लागलों. नकाशांत विहिरीभोंवतीं एक वर्तुळ, बोळीवर आडव्या रेघा. आणि बाजूस लिहिलें होतें कीं, विहीर व रस्त्यापर्यंतची बोळ दोघां भावांच्या सामाईक वहिवाटीस ठेवली आहे, व तींत कोणीं अडथळा करूं नये. दोन ओळी. ज्या दोन ओळी काकू चाळीस वर्षें तोंडानें सांगत होत्या. त्या दोन ओळींखालीं आजोबांची सही होती.

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. त्या भागाची किंमत आतां कमी येणार हें त्यास कळलें होतें. आम्हांसहि वाईट वाटलें. पण तें किंमतीचें नव्हे. ज्या पाण्यावर काकूंचा हक्क होता तें पाणी आम्ही उपकार म्हणून देत आलों, आणि त्यांनीं तें उपकार म्हणून कधींच घेतलें नाहीं, याचा अर्थ त्या दिवशीं उलगडला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही नक्कल घेऊन मागच्या घरीं गेलों व ती त्यांना वाचून दाखविली. त्यांनीं शांतपणें ऐकली आणि म्हणाल्या, "सासूबाई सांगत असत तेंच आहे कीं. एवढ्यासाठीं दारव्ह्याला कितीदां खेपा घातल्यास रे?"

विक्रीचा व्यवहार झाला. खरेदीखतांत सामाईक विहीर व जाण्यायेण्याच्या हक्काचा उल्लेख स्पष्ट शब्दांत घातला, आणि गिऱ्हाइकानेंहि तो समजून घेतला. नकलेच्या दोन प्रति आम्हीं घेतल्या होत्या. एक आमच्याकडे, एक काकूंकडे. वाचकांस आमची शेवटची विनंति एवढीच कीं, आपल्या घरच्या प्रत्येक दाव्याचें कोर्ट, क्रमांक, साल व निकालाची तारीख हीं चार गोष्टींचीं टांचणें एका वहींत लिहून ठेवावीं, आणि ती वही एकाच घरांत न ठेवतां वाटणी झालेल्या सर्व घरांत ठेवावी.